मार्चचं पुस्तक

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, “मी नाही वाचलं. मला हे माहीत आहे.” आवाज चढलेला नव्हता, चेहऱ्यावर रागही नव्हता. मग त्यांनी डबा उघडला, घरी केलेल्या ब्रॅकचे, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुका घालून भाजलेल्या पावाचे काप बशीत मांडले, लोण्याची वाटी पुढे सरकवली आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवली. तुमचं चालू द्या, अशा अर्थाने. बाहेर पाऊस लागला होता. खिडकीखालच्या रेडिएटरवर कोणीतरी मफलर वाळत टाकला होता आणि ओल्या लोकरीचा तो वास, थोडासा मेंढीचा, थोडासा जुन्या कपाटाचा, खोलीभर पसरला होता. कोणी काही बोललं नाही. पुस्तक मी निवडलेलं होतं. ते पालथं पडलेलं, मागच्या बाजूचा मजकूर वर आलेला, आणि ग्रंथालयाची चिठ्ठी अजून पहिल्याच पानातून डोकावत असलेली, हे दृश्य दोन वर्षं झाली तरी माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

डब्लिनच्या ज्या उपनगरात मी राहते, तिथल्या ग्रंथालयात महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही बाराजण जमतो. एका पुस्तकाच्या बारा प्रती एका कापडी पिशवीतून येतात, महिनाभर बारा घरांत राहतात आणि परत जातात. गटात निवृत्त शिक्षक आहेत, एक पोलिश नर्स आहे, ब्राझीलहून आलेला एक तरुण आहे, लिमरिकचे एक गृहस्थ आहेत आणि वाईची मी आहे. सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईला नावाने हाक मारणं मला सतरा वर्षांत जमलेलं नाही. पुस्तक पालथं ठेवणाऱ्या त्या बाईंचं तोंडाने नाव घेते, पण मनात त्या माझ्या मावशीच असतात. इथेही त्यांना मावशीच म्हणते. त्या दक्षिणेकडच्या, नदीकाठच्या एका लहान गावातल्या. लग्न होऊन डब्लिनला आल्या, पोस्टात नोकरी केली, नवरा गेल्यावर या गटात यायला लागल्या. पुस्तक निवडायची पाळी फिरत येते आणि मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा दिवस असल्यामुळे त्या महिन्यात आयरिश पुस्तकच घ्यायचं असा रिवाज आहे. ज्याची पाळी त्याने तीन नावं आणायची, बाकीच्यांनी हात वर करून एक ठरवायचं. त्या वर्षी मार्च माझ्या वाट्याला आला.

मला फार आनंद झाला होता. तो आनंद नेमका कशाचा होता, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीभर मी संध्याकाळी कामावरून परस्पर ग्रंथालयात जायचे. आयरिश पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला आहे. तिथला दिवा जरा मंद आहे आणि शेजारी रेडिएटर असल्यामुळे पुस्तकांची पानं किंचित कोमट लागतात. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ला मी हात लावला नाही. १९२२ साली पॅरिसमध्ये छापून आलेलं ते पुस्तक वाचायला एक महिना पुरत नाही. त्याचंच ‘डब्लिनर्स’ गटात आधीच होऊन गेलं होतं. पेग सेयर्सचं आत्मकथन काढून पाहिलं. ब्लास्केट बेटावरच्या त्या म्हातारीने मुलाला सांगून लिहवून घेतलेलं, १९३६ सालचं. बेटावरचे शेवटचे लोक १९५३ मध्ये किनाऱ्यावर आणले गेले, आता तिथे ओसाड घरं आहेत. मला ते घ्यावंसं वाटत होतं, पण सहज गटातल्या एका शिक्षकांना विचारलं तर त्यांनी दोन्ही हात वर केले. आयरिश भाषेच्या परीक्षेसाठी इथल्या किती पिढ्यांना ते सक्तीने वाचावं लागलं होतं! त्या म्हातारीचं दुःख त्यांच्या मनात शाळेच्या घंटेला आणि छडीला असं चिकटून बसलंय की आता सोडवता येत नाही. सक्तीने एक चांगलं पुस्तक एका अख्ख्या देशापासून तुटतं, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. एडना ओब्रायनचं ‘द कंट्री गर्ल्स’ही हातात घेतलं. ते १९६० मध्ये आलं आणि लगेच त्याच्यावर बंदी आली. तिच्या स्वतःच्या गावात त्याच्या प्रती जाळल्याचं ती पुढे सांगत असे. गटातल्या एकीने सांगितलं की तिच्या थोरल्या बहिणीने ते इंग्लंडहून तपकिरी कागदात गुंडाळून आणलं होतं, आणि वाचून झालं की तोच कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून पुढच्या मैत्रिणीकडे जायचं. कागद शेवटी घड्यांवर फाटला, म्हणाली, पुस्तक धड राहिलं.

एवढं सगळं समोर असताना मी तीन नावं नेली ती अशी: फ्रँक मकोर्टचं ‘अँजेलाज ॲशेस’, जोसेफ ओकॉनरचं ‘स्टार ऑफ द सी’ आणि क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’. पहिल्यात लिमरिकमधलं दारिद्र्य, दुसऱ्यात दुष्काळातून अमेरिकेकडे निघालेलं १८४७ मधलं जहाज, तिसऱ्यात मॅग्डलिन लाँड्री, म्हणजे मठांनी चालवलेली, बायका-मुलींना कोंडून फुकट राबवणारी धुलाईघरं. तीन पुस्तकं, तिन्ही रडायला लावणारी. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. या देशाचं दुःख मला कळलंय, मी नुसती नोकरीसाठी आलेली बाई नाही, हे त्या यादीतून मला सांगायचं होतं. वाईहून, पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना आधी कस्टम हाउसच्या धक्क्यावर दुष्काळाचे पुतळे दाखवायला नेते. नदीकाठी ती हाडं-कातडी उरलेली माणसं बोचकी छातीशी धरून बंदराकडे चाललेली. एकाच्या खांद्यावर मूल, मागे एक कुत्रा. मग मी सांगते, १८४१ च्या शिरगणतीत या बेटावर ऐंशी लाखांवर माणसं होती, बटाट्यावर रोग पडला, दहा लाख उपासमारीने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त परागंदा झाली, आणि आजही पूर्ण बेटाची लोकसंख्या १८४१ एवढी भरलेली नाही. लंडनच्या तिजोरीतून मदतीचा हात आखडता घेणारा ट्रेव्हेल्यन आधी दिल्ली-कलकत्त्यात नोकरी करून गेलेला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला, हेही सांगते. पाहुणे हळहळतात. मी हे सगळं आपलेपणाने सांगते, त्यात खोटं काही नाही. पण सांगताना माझा आवाज जरा भरदार होतो, हे माझ्या मुलीने एकदा मला सांगितलं होतं.

लिमरिकच्या गृहस्थांनी पहिल्या नावाला मान हलवली. “आमचं गाव तसं नव्हतं,” एवढंच म्हणाले. जहाजाचं पुस्तक जाडजूड होतं. कीगनचं सव्वाशे पानांच्या आतलं. बहुतेक हात त्याला वर आले. मावशींचा हात वर होता की नाही हे मी पाहिलं नाही. खूप वेळा आठवून पाहिलं, आठवत नाही.

ज्यांनी ते वाचलं असेल त्यांना गोष्ट सांगायला नको, आणि ज्यांनी नसेल त्यांनी ती पुस्तकातच वाचावी. १९८५ चा नाताळ, न्यू रॉस नावाचं नदीकाठचं गाव, पाच मुलींचा बाप असलेला एक कोळसेवाला, आणि मठाच्या कोळशाच्या कोठारात त्याला सापडलेली एक मुलगी. कीगन एकही शब्द चढ्या आवाजात लिहीत नाही. थंडीत चिमण्यांतून निघणारा धूर, केकची तयारी, आगाऊ घेतलेल्या कोळशाचा हिशोब, बायकोची काटकसर. आणि या सगळ्याच्या कडेकडेने गावातल्या प्रत्येकाला माहीत असलेली एक गोष्ट. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन नाही, ग्रंथालयाचं होतं म्हणून, पण कागदाच्या चिटोऱ्या लावून वाचलं. त्या मंगळवारी माझ्या प्रतीतून अकरा चिटोऱ्या बाहेर आल्या होत्या. चर्चा रंगली. पोलिश नर्स बोलता बोलता थांबली, तिला पाणी द्यावं लागलं. मग कोणीतरी विचारलं की अख्खं गाव गप्प कसं राहिलं असेल, आणि तो धागा मी उचलला. मी खूप बोलले. मौनावर बोलले, धर्माच्या धाकावर बोलले, प्रतिष्ठेवर बोलले, चिटोऱ्या लावलेली पानं वाचून दाखवली. समोर मावशी पावाच्या कापाला लोणी लावत होत्या. अगदी कडेपर्यंत, एकसारखं.

आठ वाजता ग्रंथालय बंद झालं. आम्ही दोघी एकाच थांब्यावर उभ्या राहतो, बसा वेगळ्या. थांब्याच्या छताच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. येणाऱ्या प्रत्येक बसच्या कपाळावर ‘अन लार’ ही आयरिश अक्षरं, शहराच्या मध्याकडे जाणारी. मी माफी मागायच्या बेतात होते, पण कशाची मागायची ते मला नीट कळत नव्हतं. मावशीच म्हणाल्या, “आमच्या घरच्या चादरी तिकडेच जायच्या. धुवायला. सगळ्यांच्याच जायच्या. सोमवारी गाडी यायची.” मी काही बोलले नाही. “तुम्ही सगळे म्हणत होता, गाव गप्प होतं. गप्प नव्हतो गं आम्ही. आम्ही चादरींबद्दल बोलायचो. डाग निघाला का, घडी नीट आहे का, या खेपेला उशीर का झाला.” त्यांची बस आली. चढताना त्यांनी कठड्याला धरून एक क्षण श्वास घेतला. दार मिटलं. काचेतून त्या हात हलवताना दिसल्या, नेहमीसारख्याच.

मॅग्डलिन लाँड्र्यांबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून ते दूरदर्शनवर पाहिलं होतं. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला होता आणि वर प्रेक्षकांच्या सज्जात त्या बायका बसल्या होत्या. ओट्यावर कणीक तशीच राहिली होती. त्याच महिन्यात सरकारी अहवाल आला होता. १९२२ पासून दहा हजारांच्या आसपास बायका-मुली या लाँड्र्यांत राबल्या, शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली, गिऱ्हाइकांत हॉटेलं होती, सरकारी खाती होती, लष्कर होतं. मी हे वाचलं होतं, पाहुण्यांना सांगितलंही होतं. पण गिऱ्हाईक या शब्दापुढे माझ्या मनात कायम एखादं मोठं हॉटेल यायचं, दगडी कमानीची सरकारी इमारत यायची. एक लहान घर, दारात उभी असलेली आई, तिच्या पदराला म्हणा, झग्याला म्हणा, धरून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि चादरींचं गाठोडं, हे कधी आलं नाही. अहवालात आकडे होते, आणि आकड्यांत कोणाच्या अंथरुणाला वास नव्हता.

त्या रात्री घरी आल्यावर मी जेवले नाही. “मला हे माहीत आहे” हे वाक्य कुठेतरी पूर्वी ऐकलं होतं. तोच सूर, तीच वस्तू पालथी ठेवण्याची रीत. मध्यरात्रीनंतर आठवलं.

१९८६. मी पुण्याला कॉलेजात होते आणि दिवाळीला घरी येताना कॉलेजच्या ग्रंथालयातून एक कादंबरी घेऊन आले होते, केशवपन केलेल्या एका विधवेवरची. वाचून मी पेटून उठले होते. आईने वाचावी म्हणून दुपारी ती चिवड्याचे पोहे निवडत बसली असताना तिच्याजवळ नेऊन ठेवली. तिने मागचा मजकूर वाचला, पुस्तक पालथं केलं आणि ते ताटापासून लांब सरकवलं. “मला नको. मला माहीत आहे ते.” मी तिच्याशी भांडले. शिकलेली बाई तू, आणि अशी डोळे मिटून घेतेस, असं काहीतरी बोलले. वीस वर्षांच्या मुली बोलतात तसं. तिने पोहे चाळणीत घेतले आणि उठली.

आमच्या वाड्यात आत्याआजी होत्या. वडिलांच्या आत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या, आणि मी पाहिल्या तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेल्या. मी आठ वर्षांची असताना, १९७४ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. माझ्या आठवणीत त्या माजघराच्या मागच्या खोलीत आहेत, जिथे दिवसाही उजेड कमी असायचा. डोक्यावरून ओढून घेतलेलं ते लाल, जवळजवळ काळपट झालेलं आलवण, विधवेचं लुगडं. त्यांच्या हाताला कापसाचा आणि मेतकुटाचा वास यायचा. पौर्णिमेला देवळासाठी त्या फुलवाती वळायच्या आणि मला शेजारी बसवून कापसातली सरकी काढायला लावायच्या. बोटं इतकी मऊ की डोक्यावर हात ठेवला तरी कळायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक म्हातारा न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या दिवशी आम्हा पोरांना पुढच्या अंगणात खेळायला पिटाळलं जायचं. आम्ही घाटावर जायचो, कृष्णेत दगड टाकायचो. कधीच काही विचारलं नाही. आत्याआजींवर कोणी ओरडत नसे, त्यांना उपाशी कोणी ठेवलं नाही, सणाला त्यांच्या पाया पडायचो. महात्मा फुल्यांनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली, हे मी पुढे पाठ केलं आणि परीक्षेत लिहिलंही. ते लिहिताना, त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्या मागच्या दाराने न्हावी येत होता, हे मला सुचलं नाही. ते घर होतं. हा इतिहास होता.

मावशींच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं. त्यांच्या घराचा मी ‘विषय’ केला होता आणि त्याच्या सव्वाशे पानांना चिटोऱ्या लावून त्यांच्यापुढे ठेवला होता. म्हणून ते पुस्तक निवडायलाच नको होतं, असं मी म्हणणार नाही. आजही मी ते निवडीन. पुस्तकाने काही चूक केली नाही, कीगन तर सबंध पुस्तकभर त्या कोळसेवाल्याला दोषमुक्त करत नाही आणि गावाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करत नाही; वाचणाऱ्याला चालत ठेवते, त्या थंडीतून. घाई मी केली. गाव गप्प कसं राहिलं हा प्रश्न मी अशा आवाजात विचारला होता, जणू माझं गाव कुठल्या दुसऱ्या नदीवर आहे.

पुढच्या मार्चची पाळी दुसऱ्या कोणाची होती, तरी मी यादी करत राहिले. मनाला चाळाच लागला. आता असं काहीतरी हवं होतं की ज्यात आयर्लंड असेल आणि माझंही काही असेल, आणि कोणाला दुखणार नाही. शोधता शोधता मला एक विलक्षण गोष्ट सापडली. १९३४ साली लंडनमध्ये ‘द होली माउंटन’ नावाचं पुस्तक निघालं. भगवान श्रीहंस या महाराष्ट्रातल्या साधूने मराठीत लिहिलेला, मानससरोवर आणि कैलासच्या यात्रेचा वृत्तान्त. इंग्रजीत आणला तो त्यांचे शिष्य श्री पुरोहित स्वामी यांनी, ज्यांचा जन्म बडनेऱ्याचा. आणि प्रस्तावना डब्ल्यू. बी. येट्स यांची! ज्या कवीला १९२३ मध्ये नोबेल मिळालं, ज्याच्या ओळी इथे शाळेतली पोरं पाठ म्हणतात, त्याने मराठीतून आलेल्या एका पुस्तकासाठी लांबलचक प्रस्तावना लिहिली. पुढे १९३५-३६ च्या हिवाळ्यात हे दोघं मायोर्का बेटावर एकत्र राहून उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर करत होते. ते १९३७ मध्ये छापून आलं. वऱ्हाडातला एक संन्यासी आणि स्लायगोच्या डोंगरांवर जीव असलेला एक म्हातारा, आजारी कवी, समुद्राकाठच्या घरात ईशावास्याच्या शब्दांवर खल करताहेत. हे चित्र मला इतकं आवडलं की रात्री अकरा वाजता मी नवऱ्याला उठवून सांगितलं.

दोन दिवस मी तरंगत होते. गटाला वाचून दाखवायला अर्धं पान लिहिलंसुद्धा. पण तिसऱ्या दिवशी ते पान परत वाचताना मला त्यात मावशी दिसल्या नाहीत, आत्याआजीही दिसल्या नाहीत. बर्फ होतं, शिखर होतं, दोन पुरुष होते. ते पुस्तक चांगलं आहे आणि कधीतरी ते मी गटापुढे नेणार आहे, कारण त्या दोघांची मैत्री सांगण्यासारखी आहे. पण तेव्हा मी त्या शिखरावर चढत होते ती मागच्या खोलीतून बाहेर पडायला. म्हणून अर्धं पान वहीत ठेवून दिलं.

त्या मार्चमध्ये गटाने मेव्ह बिन्ची वाचली, ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’. मावशींनी ते आधी तीनदा वाचलेलं होतं, तरी चौथ्यांदा वाचून आल्या आणि बेनी या मुलीबद्दल अशा बोलल्या की ती त्यांच्या शेजारीच राहत असावी. मुलींच्या मैत्रीवर, नाचाच्या कार्यक्रमाला काय नेसून जायचं यावर, डब्लिनला जाणाऱ्या बसच्या वेळेवर. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. हेही आयरिशच, आणि हे माझ्या तीन नावांत कुठेच नव्हतं. त्यांच्या लहानपणी त्या गावात नुसती लाँड्री नव्हती. नाच होता, नदी होती, शनिवारचा सिनेमा होता.

आईला मी रविवारी फोन करते. तिचं वय आता चौऱ्याऐंशी, मावशींच्याच बरोबरीची. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी तिला हे सगळं सांगितलं. पुस्तक, चादरी, थांबा. मधूनच विचारलं, “तुला आठवतं, मी एकदा दिवाळीत पुस्तक आणलं होतं?” ती म्हणाली, आठवतं की. मग बराच वेळ काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. “आत्याबाई थकल्या तेव्हा त्यांचं आलवण मीच पिळायची,” आई म्हणाली. “मागच्या पडवीतल्या वळणीवर, काठीने वर टाकायचं. पुढच्या अंगणात त्यांचं काही वाळत घालायचं नाही, अशी सासूबाईंची शिस्त. बारा वर्षं घातलं मी. पावसाळ्यात तर वाळायचंच नाही गं ते. कुबट वास यायचा. मी तेवढंच म्हणायची, आज ऊन पडायला हवं होतं.”

मला काही सुचेना. मी म्हणाले, “तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले ना. आता काय सांगितलं? उन्हाचं बोलायचे मी.” आणि लगेच तिने विचारलं, “त्या तुझ्या बाईंच्या चादरी धुऊन यायच्या, त्या कशा यायच्या? विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. गाव गप्प कसं राहिलं हे विचारणारी मी; चादरी कशा यायच्या हे माझ्या आईने विचारलं, जिने बारा वर्षं एक कापड पिळून काठीने वळणीवर टाकलं होतं.

फेब्रुवारीच्या मंगळवारी मी लवकर गेले. मावशीही लवकर येतात, खुर्च्या मांडायला. खोलीत आम्ही दोघीच होतो, रेडिएटर नुकता लावलेला, टिकटिक आवाज करत तापत होता. मी त्यांना सांगितलं की माझ्या आईने तुमच्यासाठी एक प्रश्न पाठवलाय. आणि आईचा प्रश्न सांगितला. त्याआधी आलवणाचंही सांगितलं, कारण ते न सांगता विचारणं बरं नव्हतं. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“पांढऱ्याशुभ्र,” त्या म्हणाल्या. “नीळ घातलेल्या. खळ इतकी कडक की पहिल्या रात्री अंगाखाली कागदासारख्या वाजायच्या. तपकिरी कागदात बांधून यायच्या, सुतळीने. सुतळी आई सोडून गुंडाळून ठेवायची, कापायची नाही. शेजारीण आली की आई एक चादर उलगडून दाखवायची, बघ म्हणायची, घरी अशी निघेल का?” त्या थोड्या थांबल्या. “आणि कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आमचा नंबर घातलेला असायचा. इतके बारीक टाके. मी झोपताना त्याच्यावरून बोट फिरवायची. फार सुबक हात होता कोणाचा तरी.”

त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि हळूहळू फिरवलं.

“एकशे सत्तावीस,” त्या म्हणाल्या.